घागर कोणाच्या नावाने?

पारोळा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा थोरला भाऊ भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या लढाईत, वयाच्या २२ व्या वर्षी मारला गेला. घरी तार आली, काही महिन्यांनी नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक आली; देह आला नाही. आई आता ८५ वर्षांची आहे. आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, ती गेलेल्या सासू-सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या नावाने पाण्याची घागर भरते, मुलाच्या नावाने भरू देत नाही. ‘मी मन्हा डोयाघाई (माझ्या डोळ्यांनी) देखं नही, मंग घागर कशी भरू?’ असे म्हणते. धाकटा भाऊ यंदा घागर भरायचीच म्हणून हटून बसला आहे, आणि गावात ‘तो आपल्या देशासाठी कुठे मेला?’ असेही बोलले जाते. आईची समजूत घालावी की गप्प बसावे, असे त्या विचारतात.

ताई, आईची समजूत घालायला जाऊ नका. ज्याचे तोंड शेवटचे पाहिले, त्याच्या नावाने घागर भरताना हात थरथरला तरी भरता येते. ज्याच्या जागी एक ट्रंक दारात उतरली, त्याच्या नावाने पाणी ठेवणे म्हणजे तो गेला हे आपल्याच हातांनी मान्य करणे, आणि ते त्यांच्याकडून कोणी करवून घेऊ नये. तुमच्या धाकट्या भावाचा हट्ट मात्र मला निव्वळ हट्ट वाटत नाही. आई गेल्यावर थोरल्याच्या नावाने कोण, काय करणार, ही धास्ती त्यामागे असावी. ती त्यांनी आईजवळ तशीच बोलून दाखवावी.

गावातल्या बोलण्याचे उत्तर सोपे आहे. सैनिक आपली लढाई निवडत नाही. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला, सरकारने हुकूम दिला, तो गेला. मार्च १९९० मध्ये सेना परतेपर्यंत सुमारे १,२०० भारतीय जवान तिथे कामी आले. याच मोहिमेत महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. करार चुकला की बरोबर होता, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा, पण एका आईच्या ओट्यावर बसून नव्हे.

दिल्लीत इंडिया गेटजवळ २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारक उभे राहिले. तेथे ग्रॅनाइटवर कोरलेल्या नावांत श्रीलंकेत पडलेल्यांचीही नावे आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ट्रंकेवरचा नंबर घेऊन जा आणि चौकशी करा. आईला प्रवास झेपणार नसेल तर तुम्ही जा, नावावरून बोट फिरवा आणि घरी येऊन अक्षरे कशी लागली ते सांगा.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुनःपुन्हा वाचली: दर दिवाळीला आई त्या ट्रंकेच्या कुलपाला तेल घालते, पण ते उघडत नाही. यंदा त्या वेळी जवळ बसा. घागरीचा विषय काढू नका. आखाजीला निंबाला तुमचा झोका थोरला भाऊच बांधायचा, असे तुम्ही लिहिले आहे. ते आईला विचारा, तो दोर कुठून आणायचा, किती उंच बांधायचा. इतक्या वर्षांत त्या घरात जवानाविषयी बोलणे झाले असेल, त्या पोराविषयी फारसे झालेले दिसत नाही.

आखाजीला आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवात घास, टाकताना त्याचे नाव घ्यायचे की नाही, ते आईच ठरवतील. बाजारातून घागरीवर ठेवायचे डांगर (खरबूज) आणाल तेव्हा फक्त एक जास्तीचे आणून ठेवा.