'रक्तातच दगडी नाही' अशा कालवडीसाठी ठेव मोडावी का?

सांगोला तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: गोठ्यात आठ संकरित गाई. गेल्या वर्षी तिघींना दगडी (कासेची सूज, म्हणजे मस्टायटिस) झाली, एकीचा सड कायमचा गेला. आता एक व्यापारी दोन कालवडी दाखवतोय. 'यांच्या रक्तातच दगडी नाही' म्हणून प्रत्येकीमागे ३५,००० रुपये जादा मागतोय. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेली २ लाखांची ठेव मोडू का?

ताई, मोडू नका.

व्यापारी अगदीच खोटं बोलत नाही. दगडीशी लढायची ताकद थोडी आईबापाकडून येते. नॉर्वेत १९७० च्या दशकापासून गाईंच्या आजारांच्या नोंदी ठेवल्या, त्यावरून वळू निवडले आणि तिथली दगडी कमी झाली. पण ते पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, एकेका वळूच्या शेकडो लेकी पाहून केलेलं. गाई-गाईंत दगडीचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण २ ते ५ टक्केच वाटा आनुवंशिक असतो. उरलेलं गोठ्यावर, धार काढणाऱ्या हातांवर, गाईच्या वयावर. 'हिला होणारच नाही' असं कुणालाच सांगता येत नाही.

आता हिशोब. औषधं आणि ओतून दिलेलं दूध धरून एका आजारपणाला तुमचे १२,००० गेले. समजा, १०० साध्या गाईंतल्या ३० जणींना दर वेताला दगडी होते आणि चांगल्या वळूच्या लेकींतल्या २५ जणींना. म्हणजे एका गाईमागे वेताला ६०० रुपये वाचले, चार वेतांत २,४००. सड गेल्याचं नुकसान धरून दुप्पट करा, ४,८००. त्यासाठी ३५,००० मोजायचे?

तोच गुण रेतकांडीतून (कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य भरलेल्या नळीतून) घ्या. डॉक्टरांनी सुचवलेली कांडी ३०० रुपयांनी महाग आहे, असं तुम्हीच लिहिलंय. गाभण राहायला दोन-तीन कांड्या लागतात आणि निम्मे गोऱ्हे होतात, म्हणून एका कालवडीमागे पाचेक कांड्या धरा: १,५०० रुपये जादा. हे परवडतं, आणि ते दुधाच्या बिलातून भागतं. मात्र ती कालवड दुधाला यायला तीन वर्षं तरी जातील. वळू निवडताना नुसतं त्याच्या आईचं दूध विचारू नका. फक्त दुधामागे लागलं की दगडीचा कलही वाढतो. लेकींच्या दुधातल्या पेशींचा आकडा विचारा (कास सुजली की तो वाढतो), कासेची ठेवण विचारा. खाली लोंबणारी कास आधी चिखलात माखते.

यंदाची दगडी मात्र गोठ्यातच थांबवावी लागेल. धार झाल्यावर चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. सडाचं तोंड लगेच मिटत नाही, म्हणून पुढ्यात वैरण टाकून अर्धा तास गाय बसू देऊ नका. आजारी गाईची धार शेवटी काढा. महिन्यातून एकदा प्रत्येक सडाचं दूध तपासणीच्या द्रावणात बघा. सुप्त दगडी डोळ्यांना दिसत नाही, बिलात मात्र दिसते. गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी धार बंद करताना, सडात औषध सोडायचं का, ते डॉक्टरांना विचारा. या सगळ्याला ठेवीची गरज नाही. आपल्याकडे पावसानं दडी मारली की कडबा काय भावानं घ्यावा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा फीच्या पैशांना हात लागू नये, याची मला जास्त काळजी वाटते.

कालवडी मनात भरल्याच असतील, तर पुढेमागे बिलातून साठतील तेव्हा, साध्या भावानं घ्या. त्याआधी कानातल्या टॅगचा बारा अंकी नंबर घेऊन डॉक्टरांकडून नोंद काढा. त्यात वळूचा नंबर मिळाला नाही, तर जादा एक रुपयाही देऊ नका.