वाचकांचे प्रश्न : रूट बिअर चांगली कशी ओळखावी, घरी कशी करावी

प्रश्न : पाहुण्यांनी अमेरिकेहून रूट बिअरचे कॅन आणले. पहिल्याच घोटाला दुखण्यावरच्या बामाचा वास आला. माल खराब होता का? (रामबाग, इंदूर)

माल खराब नव्हता. रूट बिअर म्हणजे मुळं-सालींच्या स्वादाचं गोड, फसफसतं पेय, आणि त्या स्वादात विंटरग्रीन असतं. या झुडपाच्या पानांत मिथाइल सॅलिसिलेट नावाचं उग्र वासाचं द्रव्य असतं आणि बामातही तेच असतं. मूळची चव मात्र सॅसाफ्रास या उत्तर अमेरिकेतल्या झाडाच्या मुळाच्या सालीची. चार्ल्स हायर्स या अमेरिकी औषधविक्रेत्याने १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात रूट बिअर मांडली तेव्हा हीच साल वापरात होती. तिच्यातलं सॅफ्रोल हे द्रव्य प्राण्यांच्या यकृताला घातक ठरलं आणि १९६० मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली.

चांगल्या रूट बिअरमध्ये विंटरग्रीनचा वास नुसता डोकावतो. मागोमाग व्हॅनिला, जेष्ठमध आणि शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा यायला हवा. बाम आणि साखर एवढंच लागलं तर ती हलक्या प्रतीची. फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि काही वेळ टिकणारा हवा.

एक कळकळीची सूचना : विंटरग्रीनचा वास आणण्यासाठी औषधाच्या दुकानातलं चोळायचं गंधपुरा तेल पेयात कधीही घालू नका. त्याचा एक चहाचा चमचा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : घरी करायची तर इथे मिळणाऱ्या वस्तूंतून जमेल का?

उत्तम जमेल, कारण आपल्याकडे अनंतमूळ, म्हणजे उपळसरी आहे. व्हॅनिलाशी जवळीक असलेला तिचा वास रूट बिअरला फार शोभतो. इंदूरच्या सियागंज बाजारात जडीबुटीच्या दुकानात विचारा, पण घेताना मुळी मोडून हुंगा. वास सालीत असतो, आतल्या लाकडात नाही. मोडूनही वास येत नसेल तर माल जुना आहे, घेऊ नका.

दोन लिटरसाठी : अनंतमूळ ३० ग्रॅम, जेष्ठमध ५ ग्रॅम, आलं १० ग्रॅम, दालचिनीचा बोटभर तुकडा, एक चक्रफूल, साखर १४० ग्रॅम, गूळ ६० ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस, अर्धा चमचा व्हॅनिला इसेन्स.

अनंतमूळ धुऊन, ठेचून मधलं लाकूड काढून टाका. सव्वा लिटर पाण्यात आलं, जेष्ठमध, दालचिनी, चक्रफूल झाकण ठेवून दहा मिनिटं उकळा. गॅस बंद केल्यावरच अनंतमूळ घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. सगळं एकत्र खळखळा उकळलं की सुगंध वाफेबरोबर जातो आणि काढ्याची चव उरते. फडक्याने गाळा, साखर-गूळ विरघळवा. गूळ आधी चाखून पाहा, खारट असेल तर सगळी साखरच घाला. मग उकळून गार केलेलं पाणी घालून दोन लिटर करा. नळाचं पाणी न उकळता वापरलं तर क्लोरीनचा वास राहतो.

मिश्रण कोमट, म्हणजे ३५ अंशांच्या खाली आलं की लिंबू, इसेन्स आणि अगदी चिमूटभर कोरडं यीस्ट घाला आणि प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण लावा. जास्त यीस्टने गॅस चांगला होत नाही, पावाचा वास येतो.

प्रश्न : काचेची बाटली रात्रीत फुटली. का?

यीस्ट साखर खाऊन गॅस करत राहतं आणि बंद बाटलीत तो कोंडतो. काच कधीच वापरू नका. सोड्याची प्लास्टिकची बाटली घ्या, वर चार बोटं जागा सोडा आणि दर काही तासांनी दाबून पाहा. दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. इंदूरच्या मे महिन्यात हे रात्रभरातच होतं, डिसेंबरात दोन दिवस लागतात. फ्रिजमध्येही यीस्ट मंदपणे चालूच राहतं, म्हणून आठवड्याच्या आत संपवा. दोन दिवस थंड राहिली की गाळ तळाशी बसतो; तो न ढवळता ओता.

प्रश्न : मुलांना देता येईल का?

यीस्टच्या रूट बिअरमध्ये थोडं अल्कोहोल तयार होतंच. वेळेवर थंड केली तर ते सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत राहतं. तेही नको असेल तर यीस्ट वगळा. वरचंच साहित्य अर्धा लिटर पाण्यात करून पाक बनवा आणि एक भाग पाकाला चार भाग थंडगार सोडा घ्या. पेल्यात पाक आधी, सोडा नंतर, कडेने. पेला तेलकट असेल तर फेस लगेच बसतो. रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी जेष्ठमध वगळावं. फेस थोडा कमी होईल, चव बिघडणार नाही.