सूत म्हणजे तीन मिलिमीटर नव्हे

प्रश्न असा आहे: टेपवर सेंटिमीटर आणि इंच दोन्ही असताना सुतार ‘तीन इंच पाच सूत’ म्हणतात, ते सूत म्हणजे 3 मिलिमीटर का? आणि सळई ‘चार सुती’ लिहायची की ‘चार सूती’?

नाही, नाही आणि नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. ‘तीन एमएमला एक सूत’ हे सूत्र कुणी पसरवलं देव जाणे, पण ऐकून कान किटले. एका सुताला फरक नगण्य वाटतो. सात सुतांना तो सव्वा मिलिमीटरच्या जवळ जातो, आणि ड्रॉवर अडकायला तेवढा पुरतो. दुसरी चूक याहून महागात पडते. टेपवरच्या इंचाचे बहुधा 16 भाग केलेले असतात, म्हणजे लगतच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर अर्धं सूत. तीन इंच पाच सूत म्हणजे 92 मिलिमीटर. पाच बारीक रेघा मोजून ‘पाच सूत’ म्हणणारा 84 वर कापतो आणि फळी वाया जाते.

सळईचा घोळ निराळा. ‘चार सुती’ म्हणून येते ती 12 मिलिमीटरची. खरे चार सूत 12.7 भरतात. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात बदलतं, म्हणून या सळईत पोलाद जवळजवळ 11 टक्के कमी. उलट ‘तीन सुती’ म्हणून 10 मिलिमीटरची येते, तिच्यात 10 टक्के जास्त. इथे सूत हे माप उरलेलं नाही, नुसतं नाव आहे. तेव्हा सुतातल्या जुन्या नकाशावरून मिलिमीटरच्या सळया घेताना नगास नग धरू नका, क्षेत्रफळ जुळवा. बोल्टाचंही तेच. अडीच सुती बोल्ट 7.94 मिलिमीटर आणि मिलिमीटरच्या मापातला एम-आठ 8, डोळ्यांना सारखेच. पण पहिल्याच्या दोन आट्यांत 1.41 मिलिमीटर अंतर, दुसऱ्याच्या 1.25. नट दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग अडतो. पान्याने जोर लावला की आटे मेलेच.

दीर्घ ‘सूती’ हिंदीतून आलेली. मराठीत फूट-फुटी तसं सूत-सुती. विषय संपला.

खरी गंमत शब्दात आहे. सूत म्हणजे दोरा हे सांगायला कोश उघडायला नको. पण सुतार म्हणजे लाकूड कापणारा नव्हे, दोरी धरणारा: सूत्रधार, प्राकृतात सुत्तहार, मराठीत सुतार. रंगात बुडवलेलं सूत लाकडावर ताणायचं, टिचकी मारायची, रेघ उमटते. करवतीचं काम त्यानंतर. (‘सूतोवाच’ मात्र या घरातलं नाही. तिथला सूत पुराणं सांगणारा, ‘सूत उवाच’ मधला.)

मग नाटकातला सूत्रधार कोण? रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने 1900 साली त्याच्या हाती बाहुल्यांच्या दोऱ्या दिल्या, आणि तेव्हापासून जो तो तेच सांगतो. कल्पना गोंडस आहे, पण नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय तरी वाचायचा! तिथे नाट्यगृहाची जमीन दोरीने मोजायची आहे, तीही सहजी न तुटणाऱ्या. अर्ध्यात तुटली तर स्वामीचा मृत्यू, तिसऱ्या भागात तुटली तर राष्ट्रकोप, चौथ्या भागात तुटली तर खुद्द प्रयोग करणाऱ्याचा नाश. ज्या दोरीवर जीव टांगलेला ती मापाची होती. बाहुल्या कशाला हव्यात?

त्याच अध्यायात मापांची उतरंड आहे: आठ यूका (उवा) म्हणजे एक यव (जवाचा दाणा), आठ यव म्हणजे एक अंगुल, चोवीस अंगुलं म्हणजे हात. बोटाचे आठ भाग करायची ही सवय इंच येण्याच्या कितीतरी आधीची. इंच परका, पण त्याचे आठ सूत म्हणजे अंगुलाचे आठ यवच, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी पट्टीवरही आठवे भाग असतात, हे कृपया सांगायला येऊ नका. तिथे तो अपूर्णांक आहे. त्याला नाव लावून एकटं उभं करणं हे दोरीवाल्यांचं काम.

इंग्रजांनीही इंच जवाच्या दाण्यांनीच मोजला होता, पण त्यांचे दाणे तीन, टोकाला टोक लावून. आपले आठ आडवे, पोटाला पोट लावून. त्यांचा दाणा ब्रिटिश बुटांच्या नंबरात अजून जिवंत आहे: आठ आणि नऊ नंबरात फरक एका जवाचा, इंचाचा तिसरा भाग, 8.47 मिलिमीटर. सुतात सांगायचा तर दोन सूत आणि वर दोन तृतीयांश, आणि तेवढी रेघ कुठल्याच टेपवर सापडत नाही.