कारस्थानातलं ‘स्थान’ आलं कुठून?

प्रश्न असा आला आहे: ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ला मराठीत ‘षडयंत्र सिद्धांत’ म्हणावं का? आणि राजकारणातल्या असल्या गोष्टींवर लोक इतक्या चटकन विश्वास का ठेवतात?

नाही, म्हणू नये. बातम्यांत हा शब्द कानावर पडला की माझं डोकं उठतं. सिद्ध होऊन निघालेला निष्कर्ष म्हणजे सिद्धांत. इथे असतो नुसता संशय. त्यासाठी आपल्याकडे ‘तर्कट’ हा ठसठशीत शब्द असताना हिंदीच्या दारात कशाला जायचं?

कट, डाव, मसलत सगळ्यांना ठाऊक आहेत. खरी मौज आहे ती ‘कारस्थाना’त. ‘कार्याचं स्थान ते कारस्थान’ अशी संस्कृत फोड करून मोकळे होणारे पंडित मला भेटतात. साफ चूक! शब्द फारसी आहे, कारस्तान. यातला ‘कार’ म्हणजे काम; ‘कारखाना’ आणि ‘कारकून’ यांतलाही तोच. कामावरून करामत, करामतीवरून लबाडी. आपणही ‘हे काय उद्योग करून ठेवलेस?’ म्हणतो, तेव्हा उद्योगाचं तेच होतं. हिंदीने ‘कारस्तानी’त ‘स्तान’ जपलं. मराठी कानाला ते परकं वाटलं आणि त्याने ओळखीचं ‘स्थान’ बसवून टाकलं. पण फारसी ‘स्तान’ आणि संस्कृत ‘स्थान’ मुळात एकाच घरातले, चुलतभाऊ! म्हणजे पंडितांची फोड चुकली, तरी जुळणी हवेतून आलेली नव्हती.

तर्कट पटतं ते असंच. अनोळखी तुकडा मनाला सोसत नाही. ते त्याला ओळखीचा आकार देतं आणि कुठेतरी थोडं खरं सापडलं की घट्ट धरून बसतं. २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी मारले गेले. मारेकरी चोवीस वर्षांचा ओस्वाल्ड, हातात टपालाने मागवलेली रायफल. एवढ्या मोठ्या घटनेला एवढंसं कारण? दोनच दिवसांत पोलिसांच्या ताब्यात असताना जॅक रूबी नावाच्या माणसाने त्याला गोळी घातली. मग तर ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं वाटणारच. १९६४मध्ये या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने ओस्वाल्ड एकटाच होता म्हटलं. १९७९मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने कट असण्याचा संभव आहे म्हटलं. मधे वॉटरगेट झालं, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि तिच्यावर घातलेलं पांघरूण. ते तर खरंच कारस्थान होतं, थेट अध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयापर्यंत पोचलेलं. म्हणून तर्कटावर विश्वास ठेवणाऱ्यांना केवळ भोळसट म्हणणारे तज्ज्ञ मला पटत नाहीत. भिंतीला ओल खरीच असते. ती कुठून आली याचा शोध घ्यायचा सोडून शेजाऱ्यावर आळ घेतला, की तर्कट होतं.

आणि ‘षड्यंत्र’ लिहायचंच असेल, तर निदान ‘ड’चा पाय मोडा. तो ‘षट्’मधून, सहातून, आला आहे.