सोलापुरात उन्हाळा संपता संपता इतिहासाचे काही कार्यक्रम असतात का?

तुम्ही विचारलंय, "बदली होऊन सोलापुरात आले. किल्ला झाला, सिद्धेश्वर झालं. दहा वर्षांच्या मुलीला इतिहासाची गोडी आहे. इथे एखादं इतिहास मंडळ आहे का, आणि शाळा सुरू व्हायच्या आत त्यांचं काही असतं का?"

आहे. आणि अगदी वेळेवर विचारलंत, कारण आमच्या मंडळाची सगळी धावपळ मेच्या मध्यापासून मृग लागेपर्यंतच असते. मंडळ छोटं आहे, पंचवीस-तीस माणसं, त्यातली निम्मी निवृत्त. कार्यालय नाही, पाटी नाही. एका वाचनालयाची वरची खोली रविवारी सकाळी मिळते, तेवढीच आमची जागा. मी त्यात बारा वर्षं आहे.

इतक्या उन्हात हे का, दिवाळीनंतर का नाही, असं नवा माणूस हमखास विचारतो. कारण माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. जुन्या पेठांमधून अजून माळवदाची घरं आहेत. मृगाच्या आत वर नवी माती टाकायची, पन्हाळी साफ करायची, जिथे पत्रे आहेत तिथे पत्रे आवळायचे, ही कामं सगळीकडे एकदमच निघतात. मग माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. भांडीकुंडी पुन्हा वर जातात आणि कागद जातात रद्दीत. वाळवी लागलेल्या वह्या, सासऱ्यांची पत्रं, गिरणीचे पास, कुणाचे ते आठवत नाही असे फोटो. त्या तीन आठवड्यांत या शहराचा जितका इतिहास तराजूवर चढतो, तितका उरलेल्या वर्षात चढत नसेल. म्हणून त्याच दिवसांत आम्ही घरोघरी जातो. "ट्रंक उघडलीत की टाकण्याआधी एकदा आम्हाला दाखवा," एवढंच सांगतो.

ही कळकळ कुठून आली तेही सांगते. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. पुढे गिरणी बंद पडली. एका बंद गिरणीच्या कचेरीतली जुनी रजिस्टरं टेम्पोत भरून नेताहेत, असं एकदा दुपारी कुणीतरी सांगितलं. मी पोचेपर्यंत टेम्पो रिकामा झालेला. रद्दीच्या दुकानात एकच रजिस्टर हाती लागलं, किलोच्या भावाने सोडवून आणलं. प्रत्येक ओळीत कामगाराचं नाव, गाव, खातं, हजेरी. शेकडो नावं. वडिलांचं नव्हतं, पण जी होती त्यांच्या घरची माणसं आजही याच शहरात राहतात. ज्या वह्या गेल्या त्यांत किती नावं होती, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

आता कार्यक्रम. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे मेच्या शेवटच्या रविवारचा, ज्याला आम्ही नुसतं 'ट्रंकेचा रविवार' म्हणतो. लोक वस्तू घेऊन येतात, टेबलावर मांडतात, आणि जो आणेल त्याने तिच्याबद्दल बोलायचं. मराठीतच बोला असा आग्रह नाही. सोलापूरला तो चालणारही नाही. कुणी कन्नडमध्ये सांगतं, कुणी तेलुगूत, कुणी दख्खनीत, आणि दोन शब्द अडले तर शेजारचा माणूस मराठी करून सांगतो.

यंदा पूर्व भागातले एक पद्मशाली विणकर आजोबा धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन, घेऊन आले होते. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, पोटात सूत गुंडाळलेली अर्धी कांडी अजून तशीच. लाकूड हाताच्या घामाने काळं आणि गुळगुळीत झालेलं. एका कडेला बारीक भोक आहे. त्यांनी सांगितलं, कांडी बदलली की या भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यायचा. दिवसातून किती वेळा, ते मोजत नव्हतो म्हणाले. सुताची धूळ घशात जायची आणि एकाचा खोकला दुसऱ्याला लागायचा, कारण पाळी बदलली तरी धोटा तोच. खोलीत एक मुलगा होता आठवीतला. त्याने धोटा हातात घेतला, भोकाकडे पाहिलं आणि हळूच खाली ठेवला. चादर सगळ्यांच्या घरी असते हो, पण ती विणताना माणसाचं काय झालं हे त्या भोकातून दिसतं.

आजोबांनी धोटा घरी परत नेला. आमचा नियमच तो आहे, वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहते. आम्ही फोटो काढतो आणि वहीत चार गोष्टी लिहून घेतो : कुणाची, कुठून आली, कधीची, कुणी सांगितलं. ही चौथी गोष्ट लोक विसरतात आणि पुढे तीच लागते. तुमच्याकडेही जुने कागद असतील तर दोन गोष्टी कृपा करून करू नका. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरंच खाते. आणि लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. मऊ ब्रशने धूळ झटकायची, खिडकीच्या उजेडात फ्लॅश न मारता फोटो घ्यायचा आणि कागद सुती कापडात गुंडाळून ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते.

दुसरा कार्यक्रम थोडा आधीचा, १२ मेच्या आसपासचा. तो या वर्षी तुमचा हुकला, पण पुढच्या मेमध्ये मुलीला नक्की आणा. पहाटे साडेसहाला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जमतो आणि जुन्या पेठांतून चालत जातो. १९३० च्या मेमध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला. गिरणी कामगार, शहरातली पोरं, सगळे रस्त्यावर. पोलिसांचा अंमल उरला नाही आणि १२ मेला सरकारने मार्शल लॉ पुकारला. तो जूनअखेरपर्यंत टिकला. त्या दिवसांत झेंडा धरला तरी शिक्षा, गांधी टोपी घातली तरी सैनिकांचा जाच. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. नावं पुन्हा वाचून बघा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कुर्बान हुसेन तर 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवत. आमच्या मुलांना ही चार नावं चौकाची म्हणून पाठ असतात, माणसांची म्हणून नसतात. चालताना आम्ही तेवढंच बदलायला बघतो.

तिसरा कार्यक्रम अजून व्हायचा आहे आणि तो तुमच्या मुलीसाठीच आहे असं समजा. जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही हत्तरसंग कुडलला जातो. दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. मृगाच्या आतच जायचं, कारण पाऊस पडला की तिथल्या काळ्या रानात पाय घालवत नाही. उन्हाळ्याअखेर पात्र ओसरलेलं असतं, संगमाचा आकार नीट दिसतो.

तिथे संगमेश्वराचं देऊळ आहे. आत शिरताना बहुतेक लोक मान खाली घालून जातात, कारण उंबरा बघायचा असतो. आम्ही मुलांना सांगतो, थांबा, वर बघा. डोक्यावरच्या तुळईवर अक्षरं आहेत. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. लेखाचा शेवट मराठीत आहे : "वाछि तो विजेया होईवा." जो वाचेल तो विजयी होईल. आपण शाळेत पहिला मराठी शिलालेख म्हणून श्रवणबेळगोळचा शिकलो. त्या वाक्यावर वर्ष कोरलेलं नाही, इथे आहे. अलिबागजवळच्या अक्षीचा लेखही जुना सांगतात आणि पहिला कोणता यावर जाणकार भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहिणाऱ्याने राजाला नाही, देवाला नाही, वाचणाऱ्याला आशीर्वाद दिला, हे मला फार मोठं वाटतं.

अक्षरं समोरून उजेड टाकला तर दिसत नाहीत. बॅटरी भिंतीला लावून तिरपी धरायची, म्हणजे खोबणीत सावली पडते आणि एकेक अक्षर उठून येतं. गेल्या वर्षी एका मुलीला वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं. तिने 'व' ओळखला, मग 'छ' वर अडली, मग एकदम सगळं ओरडून वाचलं. मागे उभ्या गावातल्या आजी म्हणाल्या, "जिंकलीस गं बाई." त्याच परिसरात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, मुलं ती मोजायला बसतात आणि दरवेळी आकडा चुकतो. या लेखाचं महत्त्व लोकांसमोर आणण्यात सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांचा मोठा वाटा. जिल्ह्यातल्या गावोगाव फिरून त्यांनी दगड वाचले. त्यांच्यामुळेच आमच्यातले निम्मे लोक या वाटेला लागले.

बाकीच्या बातम्या थोडक्यात. मोडी शिकवण्याचा वर्ग उन्हाळी सुट्टीत घेतो, यंदाचा संपत आलाय, पण शेवटच्या दोन तासांना आलात तरी बाराखडी ओळखण्याइतपत हात बसेल. भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं राहतं घर स्मारक म्हणून जपलंय. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेला हा आपला सोलापूरचा डॉक्टर परत आलाच नाही, १९४२ मध्ये तिकडेच वारला. ते घर मुलीला घेऊन तुम्ही कधीही बघू शकता, त्यासाठी आमची गरज नाही. आणि ३१ ऑगस्टची तारीख आत्ताच लिहून ठेवा. १९५२ मध्ये त्या दिवशी गुन्हेगार जमाती कायदा गेला. सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव तुम्ही रिक्षावाल्यांकडून ऐकलं असेल. तिथे तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती, हजेरी देत होती, आणि त्यांचा गुन्हा एवढाच की या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जातीत ती जन्मली. त्या दिवशी आम्ही भाषण ठेवत नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसतो आणि ती बोलतील ते लिहून घेतो. गेल्या खेपेला एका आजींनी त्यांच्या आईची हजेरीची वेळ सांगितली, आणि मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

आता यायचं कसं ते. रविवारी सकाळी आठच्या आत या, दहानंतर ऊन खायला उठतं. वर्गणी नाही. कुडलला जाताना टोपी, दोन बाटल्या पाणी आणि एक बॅटरी. डबा घेऊ नका, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही आमच्याकडून. इथल्या निरोपांच्या खिडकीत मला लिहा, वाचनालयाचा पत्ता आणि गाडी कुठून सुटते ते कळवते.

तुम्ही बाहेरून आलात म्हणून आपल्याकडे आणण्यासारखं काही नाही असं मनात आणू नका. तुमच्या घरातही कुणीतरी गाव सोडलं असेल, कशासाठी तरी सोडलं असेल. एखादं पत्र, एखादा पितळी डबा काहीही चालेल. आणि मुलीला एक वही द्या, कोरी. पहिल्या पानावर त्या चार गोष्टी तिच्याच अक्षरात लिहू द्या : कुणाची, कुठून, कधीची, कुणी सांगितलं.