मणक्याचं ऑपरेशन करायचं की थांबायचं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : वय ६८, निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ. रंकाळ्याची फेरी आता जमत नाही. थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात. कठड्यावर पाच मिनिटं बसलो की पुन्हा मोकळे. सायकलवर मात्र मार्केट यार्डापर्यंत आरामात जातो. एमआरआयमध्ये ‘सिव्हियर कॅनल स्टेनोसिस’ (मणक्यातली नसांची नळी खूप अरुंद होणं) आलंय. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, थोरले बंधू म्हणतात मणक्याला हात लावू देऊ नको.

सर, तुमच्या सायकलने मला रिपोर्टपेक्षा जास्त सांगितलं. हँडलवर वाकलं की मणक्याच्या नळीत जागा होते आणि दबलेल्या नसा मोकळ्या होतात. ताठ उभं राहून चालताना तीच जागा आवळते. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असत्या तर सायकल मारतानाही पोटऱ्या दुखल्या असत्या, आणि नुसतं उभं राहिल्यावरही आराम पडला असता. तरी पावलांची नाडी एकदा तपासून घ्या.

‘सिव्हियर’ या शब्दाने घाबरू नका. साठीनंतर अनेकांच्या एमआरआयमध्ये नळी अरुंद दिसते आणि त्यातल्या कित्येकांना काही त्रास नसतो. ऑपरेशन ठरवायचं ते तुम्ही किती चालू शकता आणि किती चालायचंय यावर.

अमेरिकेत या आजाराच्या रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. दोन वर्षांनी ऑपरेशन झालेल्यांचे पाय जास्त सुधारले होते. न केलेलेही थोडे सुधारले, आणि आठ वर्षांपर्यंत दोघांतला फरक बराच कमी झाला. २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात फिजिओथेरपी आणि ऑपरेशन दोन वर्षांनी जवळपास सारखंच ठरलं. पण फिजिओथेरपीच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं, हेही लक्षात ठेवा. मी यातून एवढंच घेतो की तुमच्यासारख्या रुग्णाने काही महिने थांबल्याने सहसा संधी हातची जात नाही.

तेव्हा तीन महिने नीट द्या. पोटाचे आणि कमरेचे व्यायाम, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं आणि रोज सायकल. दर आठवड्याला रंकाळ्यावर कुठवर न थांबता जाता ते वहीत लिहा. तीन महिन्यांनी आकडा तिथंच असेल किंवा घटला असेल, आणि तेवढं चालणं तुम्हाला पुरत नसेल, तर ऑपरेशन जरूर करा. त्याने पायाचं दुखणं बहुतेकांचं कमी होतं. कंबरदुखीची तेवढी खात्री देता येत नाही, आणि जुना बधिरपणा राहूही शकतो.

बंधूंची भीती जुन्या अनुभवातली असावी. आता बहुतेक रुग्णांना दुसऱ्या दिवशी चालवतात. धोके मात्र आहेत : नसांभोवतीचं आवरण फाटणं (२००८ च्या त्या अमेरिकी अभ्यासात शंभरात सुमारे ९ जणांचं फाटलं; ते बहुधा तिथल्या तिथं शिवतात), जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी. त्याच अभ्यासात आठ वर्षांत शंभरातल्या साधारण १८ जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं. हा आकडा बंधूंनाही सांगा, मग दोघं मिळून ठरवा.

प्रश्न : माझ्या आईला (६१, शिरोळ तालुका) बारा वर्षं शुगर आहे. दोन्ही तळव्यांची आग होते, रात्री जास्त. एमआरआयमध्ये मणक्यातला गॅप कमी दाखवलाय. ऑपरेशन करू का?

एवढ्यावर नको. बसून-झोपूनही होणारी तळव्यांची आग बहुधा मधुमेहाने नसांवर झालेला परिणाम असतो. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ही तपासा, त्या गोळीने ते कमी होऊ शकतं. आधी शुगर आटोक्यात आणा. आणि आई शेतात अनवाणी जात असतील तर आजच थांबवा. बधिर पायाला काटा मोडलेला कळत नाही.

प्रश्न : एक सर्जन म्हणतात नुसती नळी मोकळी करू, दुसरे म्हणतात स्क्रू-रॉड घालावेच लागतील. खर्च दुप्पट. कुणाचं ऐकू?

दोघांनाही विचारा : माझा मणका सरकतोय का? उभं राहून, पुढं वाकून आणि मागं झुकून काढलेल्या साध्या एक्स-रेत ते कळतं. २०१६ मध्ये आलेल्या स्वीडनच्या अभ्यासात मणका थोडा सरकलेल्यांनाही स्क्रूचा जास्तीचा फायदा दिसला नाही. त्याच वेळच्या एका अमेरिकी अभ्यासात थोडा दिसला. २०२१ च्या नॉर्वेच्या अभ्यासानेही नुसतं मोकळं करणं पुरेसं ठरवलं. म्हणून मणका स्थिर असेल तर माझा कल स्क्रूविना करण्याकडे आहे. मणका खूप हलत असेल किंवा कणा वाकडा झाला असेल तर स्क्रू लागतात. तसं ठरलं तर तंबाखू आणि मिश्री आधी बंद करा, नाहीतर हाड जुळायला अडचण येते.

प्रश्न : मणक्यातल्या इंजेक्शनने ऑपरेशन टळेल का?

त्या भरवशावर राहू नका. २०१४ च्या ४०० रुग्णांच्या अभ्यासात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि नुसत्या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन यांत सहा आठवड्यांनी फारसा फरक उरला नव्हता. एखादं लग्नकार्य निभावून न्यायला काहींना उपयोग होतो, तेवढंच.

प्रश्न : वडील ७३ वर्षांचे, कागल. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चालताना झोक जातो, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही. मान-कंबर फारशी दुखत नाही, म्हणून ते ऑपरेशन नको म्हणतात.

बाकीच्यांना मी थांबायला सांगितलं, तुम्हाला सांगणार नाही. ही लक्षणं मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असल्याची वाटतात. इथं दुखत नाही यावर विसंबू नका. मज्जारज्जूचं गेलेलं काम पुष्कळदा पूर्ण परत येत नाही, आणि ऑपरेशन बिघाड थांबवण्यासाठी असतं. याच आठवड्यात मानेचा एमआरआय करून मणक्याच्या सर्जनना दाखवा. तोवर मानेला मालिश नको, सलूनमध्ये मान मोडून घेणं तर अजिबात नको. पैशाची काळजी असेल तर सत्तरीनंतर उत्पन्न न बघता आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणत्या रुग्णालयात ते चालतं हे आधी विचारा. आणि वडिलांची लघवी अडली, नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल अचानक लुळं पडलं, तर सकाळची वाट न बघता थेट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.