हिरड्यांतून रक्त येतंय? मग ब्रश थांबवू नका

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी हिरड्यांबद्दल आणि उरलेल्यांतली बरीचशी घरच्या कुत्र्याच्या तोंडाच्या वासाबद्दल आहेत, म्हणून दोन्ही एकत्रच घेतेय. माझं काम माणसांच्या दातांचं. प्राण्यांचं जे लिहिलंय ते माझ्या नणंदेला विचारून, ती महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेली आहे.

ताई, माझी आई ६४ वर्षांची आहे, शुगर आहे. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तिने ब्रशच सोडला, आता बोटाने मंजन लावते. शेजारच्या काकू म्हणतात क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात. काय करावं? – लोकमान्य नगर, इंदूर

आधी आईंना सांगा की ब्रश परत सुरू करा, आज रात्रीच. अगदी मऊ ब्रश घ्या, पण सुरू करा. रक्त येतंय ते बहुतेक वेळा ब्रश लागल्यामुळे नाही येत, दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर साचून हिरडी सुजलेली असते म्हणून येतं, आणि बोटाने मंजन फिरवून तो थर त्या कडेतून निघतच नाही. म्हणजे रक्त बघून ब्रश सोडला की थर वाढतो, सूज वाढते, अजून रक्त येतं, आणि माणसाला वाटतं बरं झालं आपण ब्रश सोडला. हे मी रोज बघते आणि खरंच जीव तुटतो, कारण या टप्प्यावर हिरडी पूर्ण बरी होऊ शकते.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुण माणसांना दात घासायचं बंद करायला सांगितलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं परत सुरू केल्यावर आठवड्याभरातच पूर्ववत झाल्या. फक्त घासून! पण हे थर मऊ आहे तोवरच. दोन-तीन दिवसांत त्यात लाळेतला कॅल्शियम बसायला लागतो आणि त्याचं किटण होतं, ते घरी कशानेच निघत नाही, त्याला स्केलिंगच, म्हणजे डेंटिस्टकडचं क्लिनिंगच, लागतं.

आता काकूंचं म्हणणं. स्केलिंगने दात हलत नाहीत. आतलं हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणाच्या खडकाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात, तो काढला की जे आधीपासून हलत होतं ते जाणवतं. थोडे दिवस गार पाणी झिणझिणतं, फटी दिसतात, तेही सूज उतरल्यामुळे. झिजलेलं हाड मात्र आपोआप परत येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी बघू असं करू नका.

आणि शुगर असेल तर हे जास्तच मनावर घ्या. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज राहिली की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, दोन्ही बाजूंनी चालतं हे. डेंटिस्टला शुगरचा ताजा रिपोर्ट दाखवा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा, स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तरी सांगा, काही जणांच्या हिरड्या तिने वाढतात. खर्चाची काळजी असेल तर आपल्याकडे इंदूरात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवा.

ब्रश कसा करायचा तर केस हिरडीच्या कडेकडे तिरके धरायचे आणि जागच्या जागी हलकेच हलवायचे, करवतीसारखं आडवं घासायचं नाही. दोन मिनिटं, सकाळी आणि झोपताना. आपल्या गावात सकाळ पोहे-जिलबीवर आणि त्यावरच्या शेवेने सुरू होते आणि रात्र सराफ्याच्या खाऊगल्लीत संपते, गराडू, रबडी, सगळं खाऊन बारा वाजता घरी येऊन तसंच झोपायचं, यातलं खाणं सोडा असं मी म्हणणार नाही पण घासून झोपा. दातांमधल्या फटींसाठी छोटे इंटरडेंटल ब्रश मिळतात, वयस्कर माणसांना धाग्यापेक्षा ते सोपे जातात.

आमचा पॉमेरेनियन सहा वर्षांचा आहे, तोंडाला प्रचंड वास येतो. घरचे म्हणतात कुत्र्यांना येतोच. ग्रूमिंगवाला म्हणतो भूल न देता पंधरा मिनिटांत किटण काढून देतो. आपलीच टूथपेस्ट लावून घासलं तर चालेल? – राजेंद्र नगर, इंदूर

टूथपेस्ट आपली अजिबात नको! कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो, आणि फ्लोराइड असं रोज पोटात जाणं बरं नाही. त्याहून वाईट म्हणजे काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते, त्याने कुत्र्याची शुगर एकदम खाली जाते, लिव्हर निकामी होऊ शकतं, जीवही जातो. शुगर-फ्री च्युइंगमही त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, ती गिळली तरी चालते.

वास येतोच हे खरं नाही, इतका वास म्हणजे बहुतेक हिरड्यांचा आजार. कुत्र्याला ४२ दात असतात आणि पॉमेरेनियनचा जबडा एवढासा, त्यात ते दाटीने बसतात, शिवाय त्यांची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी, त्यामुळे कीड कमी लागते पण किटण भराभर जमतं. आणि तो नीट खातोय म्हणजे दुखत नाही असं समजू नका, दुखत असलं तरी ही जनावरं खात राहतात. एकाच बाजूने चावणं, पंजाने तोंड खाजवणं, डोळ्याखाली सूज, यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

भूल न देता खरवडून घेऊ नका, हे नणंदेने दोनदा बजावून सांगितलंय. दिसणारा भाग पांढरा होतो आणि आपल्याला वाटतं झालं काम, पण आजार हिरडीच्या खाली असतो, तिथे जागं जनावर हत्यार घालूच देत नाही, एक्स-रे काढता येत नाही, आणि धरून-दाबून केलं की ते जन्मभर तोंडाला हात लावू देत नाही. भुलीत श्वासनळीत नळी असते म्हणून पाणी आणि घाण फुप्फुसात जात नाही. आधी रक्त तपासून घ्यायचं, मग भूल.

एकदा साफ झालं की रोज ब्रश. पहिले काही दिवस नुसती पेस्ट बोटावर चाटवा, मग बोट हिरडीवर फिरवा, मग ब्रश. बाहेरची बाजू झाली तरी पुष्कळ, गालाकडच्या वरच्या मोठ्या दाढांवर जास्त लक्ष द्या. आणि मटणाची हाडं नकोत, त्या दाढा तुटतात. नखाने दाबून जी वस्तू दबत नाही ती चघळायला द्यायची नाही.

आजी वर्षानुवर्षं मशेरी लावते, म्हणते माझे दात बघा किती घट्ट आहेत. – रामबाग, इंदूर

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे आत आजार असला तरी रक्त कमी येतं आणि सगळं ठीक वाटतं. आजींच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काही आहे का ते उजेडात बघा, असेल तर थांबू नका. सोडायला सांगताना रागावू नका, तंबाखूची सवय आहे ती, डॉक्टरांची मदत लागते.

पाचवा महिना चालू आहे, हिरड्या सुजल्यात. आत्ता दात साफ करून घेतले तर बाळाला काही होईल का? – वडोदरा

नाही, बिनधास्त करून घ्या. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या लवकर सुजतात, आणि चौथा ते सहावा महिना खुर्चीत बसायलाही सगळ्यात सोयीचा. सकाळी उलटी झाली तर लगेच ब्रश करू नका, पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.